सल्फाइटची परीक्षा

अगं, माझ्या सासूबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, हे मला माहीत होतं. पण प्रत्यक्ष पाहिलं ते परवा. आमच्या लग्नाचा एकुलता एक फिल्म रोल धुवायला निखिल घरीच डेव्हलपरचं द्रावण बनवत होता. डेव्हलपर हवेनं खराब होऊ नये म्हणून त्यात सल्फाइट घालतात. त्यानं सल्फाइटची कॉलेजातली जुनी बरणी काढली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवून त्यांनी जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाकला. "सल्फाइट असेल तर रंग उडेल."

रंग तसाच राहिला.

"हवा लागून सल्फेट झालंय. नवीन आण."

"आई, एवढ्यानं काय होतंय?" निखिल म्हणाला.

"काही नाही. लग्न पुन्हा लावावं लागेल, आणि मला आता तेवढा वेळ नाही."