अनंताच्या वडिलांचं हेल्मेट

...आणि वर मलाच म्हणतात दुष्ट! तुम्हाला सांगतो, अख्ख्या सदाशिव पेठेत ब्रिटिश लष्कराची लोखंडी हेल्मेटं ओळखणारा माणूस एकच, तो मी, घरात कपाटावर हेल्मेटं, पलंगाखाली हेल्मेटं, एक तर आमच्या बायकोनं, सरोजिनीनं, कांदे ठेवायला घेतलंय, आणि मी गप्प बसायचं? खरं ते सांगायचं नाही का माणसानं?

झालं काय, आमचा अनंत, शाळेपासूनचा मित्र, त्याच्या वडिलांचं श्राद्ध. वडील ब्रिटिशांच्या फौजेत होते, म्हणून फोटोशेजारी त्यांचं हेल्मेट, त्याला हार, गंध, आणि पुढच्या बाजूला हा एवढा पोचा. अनंत दरवर्षी सांगतो, "बेचाळीस साली आफ्रिकेत गोळी आली, ती यानं झेलली. हे नसतं तर बाबा परतले नसते, आणि मी जन्मलोच नसतो." आवाज कापतो हो त्याचा. लोक डोळे पुसतात, आणि मग वड्यांवर तुटून पडतात.

इतकी वर्षं मी लांबूनच बघत होतो. यंदा हार घालताना त्यानंच माझ्या हातात दिलं, "धर रे जरा." आता माझ्या हातात हेल्मेट आलं की ते उलटं होणारच, त्याला मी काय करू? आत कडेपाशी बनवल्याचं साल ठोकलेलं असतं. चष्मा लावला... एकोणीसशे त्रेचाळीस. म्हटलं, "अनंता, गोळी बेचाळीसची, हेल्मेट त्रेचाळीसचं. तुझ्या हिशोबानं तू जन्मलेलाच नाहीस."

मला वाटलं, हसेल. नाही हसला, हार तसाच बाजूला ठेवला. पण खरं ते सांगायचं नाही का?

तर त्याची बायको, दुर्गाबाई, मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणते, "भाऊजी, मामंजी पुण्यातच कारकून होते फौजेत. हे लढाईनंतर जुन्या बाजारातून आणलंय. पोचा माझ्या नणंदेनं पाडला, खेळताना. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, यांना सोडून. आम्ही जन्मभर तोंड मिटून बसलो, तुम्हाला पानं उठेपर्यंत दम निघाला नाही?"

म्हणजे माझी ओळख बरोबरच निघाली की! ते कुणी म्हणतंय?

संध्याकाळी अनंत घरी आला, पिशवीतून हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, म्हणाला, "तुझ्याकडेच असू दे. तुला कळतं त्यातलं." चहाही घेतला नाही. तेव्हापासून फोन उचलत नाही, पारावर मी दिसलो की उठून जातो. हेल्मेट मात्र अस्सल आहे हं, रोज पुसतो मी.

परवा ते पुसता पुसता सरोजिनीला म्हटलं, "माझ्या श्राद्धाला फोटोशेजारी हेच ठेव." ती कांदा चिरत होती, मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "ठेवीन की. पण जेवायला येणार कोण?"

आता तिचं तरी काय चुकलं... खरं ते सांगायचं नाही का माणसानं.