वाकळेची डबल बेल

…आता ह्याच्यात मशीनचा काय दोष, तुमीच सांगा. म्हणजे मी काय मशीन बनवणाऱ्याचा सोयरा न्हाई, मला शिवणकामातलं ओ का ठो कळत न्हाई, एकतीस वर्षं यस्टीचा ड्रायव्हर मी, लातूर-नांदेड, नांदेड-लातूर, मला कळतं ते गिअर आन् ब्रेक. पण लातूरच्या गंजगोलाई बाजाराला तीन दिवस प्रदक्षिणा घातल्यावर, पाच दुकानांत पाच येळा चहा पिल्यावर, माणूस दगड असला तरी जरासा शहाणा होतो का न्हाई? आन् मला तर एकाही मशीनमधी खोट दिसली न्हाई. तुमाला सांगतो, मशीनला काय धाड भरली होती?

हां, तुमी गल्लीत नवीन, तुमाला कमलम्मा म्हाईत न्हाई. कमलम्मा म्हणजे आमची मंडळी. माहेर उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळं बोलती मराठी आन् चिडती कानडीत. आमच्या शिरूर अनंतपाळात, ह्या गल्लीत, जी पोरं आता मिशा फुटून मोटरसायकली फिरवायलेत ना, त्यातलं एक दाखवा जे हिच्या वाकळेत निजलं न्हाई. जुनं लुगडं, जुनं धोतर, थरावर थर, आन् वरून हातानं धावदोरा, इतका बारीक की मुंगीनं त्याच्यावरून वाट काढावी. बोटात ती पितळी टोपी घालायची, अंगुस्तान म्हणतो आपण, सुई टोचू नये म्हणून. तिच्या आईची हाय ती. हिच्या अंगावर मंगळसूत्र एकवेळ न्हाई दिसणार, अंगुस्तान दिसणारच.

तर झालं काय, गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरला आन् उजवा हात मनगटात मोडला. डाक्टर म्हणाले, हाड झकास जुळलंय. जुळलं हो हाड! पण अंगठा आन् शेजारचं बोट, त्या दोघांचं आपसात बोलणंच बंद झालं. सुई धरली की सुई खाली. उचलायची, परत खाली. आन् नेमकं त्याच टायमाला आमची लेक सुकन्या, नांदेडला दिलीय, तिला दिवस गेलेले. बातमी कळली त्या दिवशीच हिनं बाळाची वाकळ अंथरली होती. चार कडा झाल्या, दोन ओळी झाल्या, आन् हात गेला. वाकळ तशीच पेटीत.

सुकन्या फोनवर म्हणाली, "आई, मी इकतची घेते, तू हात सांभाळ." ती बिचारी मायेनं बोलली. पण हिनं फोन ठेवला, पेटी उघडली, त्या दोन ओळींवरून डावा हात फिरवला आन् म्हणाली, "गल्लीतली सगळी लेकरं मी झाकली, आन् माझंच इकतच्यात निजणार." एवढंच. मग दोन दिवस गप. कमलम्मा चिडली तर मी निवांत जेवतो हो, पण गप बसली की मला घास उतरत न्हाई.

म्हणून मीच म्हणलो, अगं आपण मशीन घेऊ. तर म्हणाली, "बेड." बेड म्हणजे कानडीत नको. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ही लुगडं बदलून, पिशवी घेऊन दारात. म्हणाली, चला लातूरला. पिशवीत हिचा हात चालायचा तवा शिवलेला वाकळेचा वीतभर नमुना, खाली माझ्या जुन्या खाकी प्यांटीचा तुकडा, मधी धोतर, वर तिचं इरकल लुगडं. आन् डाव्या मुठीत अंगुस्तान.

पहिलं दुकान. चकाचक. दुकानदार नुसता पळायलाय, "मावशी, हिच्यात तीनशे डिझाईन, हे बटन दाबलं की बदक, हे दाबलं की सफरचंद!" खरंच हो, बदकामागं बदक, रांगच लागली. मी खूश. ही मला म्हणती, "आवो, बसा जरा मशीनसमोर स्टुलावर, पाय दुखले असतील." किती काळजी! मी बसलो. हिनं माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं आन् विचारलं, सुई ओवाया चष्मा लागतो का? तो म्हणाला, चष्मा तर लागणारच की मावशी. झालं. काउंटरवर अंगुस्तान आपटलं… टण.

एकच. आता मला सांगा, एक बेल म्हणजे काय? गाडी थांबवा. उठलो. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला, हिला कशाला चष्मा? गाडी यस्टी स्टँडाच्या फाटकात असती तवाच हिला तिची पाटी वाचता येती! मशीनला काय धाड भरली होती?

दुसरं दुकान, जुनी पद्धत, लोखंडी, पायानं हाणायची. रणगाडाच. खाकी, धोतर, इरकल, सगळं खडखडा शिवून दिलं. मी मनात पेढे वाटले. ही परत, "बसा जरा." बसलो. "पाय हालवून बघा, बसल्या बसल्या मोकळे होतील." हालवले. आन् हिनं विचारलं, रोज हाणलं तर गुडघ्यावर येतं का? दुकानदार म्हणाला, "अहो व्यायाम होतो!" टण.

गुडघे! सोमवारी एवढ्या पायऱ्या चढून देवाला जाती ही, मी खाली चपला राखत बसतो. आन् हिला गुडघ्यांची फिकीर! तिसऱ्याचं स्टूल बुटकं, टण. चौथीचा दिवा मंद, टण. पाचवी मशीन पायाचा नुसता वारा लागला की सुसाट, हिनं नमुना असा ओढून घेतला की जणू लेकरू गाडीखाली चाललंय. टण, टण तरी कुठलं, दाराबाहेर जाऊन मग टण. मशीनला काय धाड भरली होती, मला कुणी सांगंल का?

मग नांदेड. सुकन्याला भेटायचं होतंच, सातवा लागला होता. तिथं उमाशंकर म्हणून दुकानदार, माणूस कमी बोलणारा. त्यानं आधी आमचा नमुनाच हातात घेतला, टाका बघितला, आन् म्हणाला, "हे कुणाच्या हातचं?" हिनं उजवा हात पदराखाली घेतला. त्यानं काय ते वळखलं. मग एक मशीन समोर ठेवली. म्हणाला, वाकळेला सुईच्या उजव्या अंगाला जागा पाहिजे, वाकळ गुंडाळून आत बसली पाहिजे, ती हिच्यात हाय. ही खटकी दाबली की सुई आपली आपण ओवून घेती. आन् हा वेग, ह्या टोकाला कासवाचं चित्र, त्या टोकाला सशाचं.

हिनं विचारलं, कासवावर ठेवलं आन् कुणी जोरात पाय दाबला तर? तो म्हणाला, तरी कासवच.

"बसा," म्हणाली मला. बसलो, सवयच लागली होती. तर तिनं स्वतःच्या हातानं नमुना सुईखाली सरकवला आन् म्हणाली, पाय ठेवा. ठेवला. खरं सांगतो, डावा पाय खाली क्लच शोधायलाय. मी विचारणारच होतो की अगं मी कशाला, तेवढ्यात काउंटरवर… टण टण.

डबल! एकतीस वर्षांची खोड हो, डोक्याला विचारतंय कोण? पायानं गाडी काढली. खाकी, धोतर, इरकल, कासवाच्या चालीनं, सरळ, थेट शेवटापर्यंत. कमलम्मानं तो तुकडा उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आन् उमाशंकरला म्हणाली, "हीच द्या."

मी म्हणलो, "अगं, तू चालवून तर बघ."

"मी कशाला? चालवायची तुमाला हाय."

चष्मा कुणाचा? माझा. गुडघे कुणाचे? माझे. पाच दुकानं मी मशीन बघायलो होतो आन् ही मशीनपुढं मला बसवून बसवून बघायली होती! मी म्हणलो, कमल, मला बटन लावता येत न्हाई, लोक हसतील, आन् बाळाची वाकळ बिघडली तर? तर ती हळू आवाजात म्हणाली, "एवढी वर्षं लोकांची लेकरं तुमच्या गाडीत बिनघोर झोपली. आपलं एक झोपवा की." आन् मोडका हात माझ्या खांद्यावर ठेवला. भर दुकानात, स्टुलावर बसलेला माणूस, पाय पॅडलवर आन् डोळ्याला पाणी. उमाशंकर भला माणूस, पावती शोधायला आत गेला.

तर वाकळ झाली. मी चालवायचो, ही डाव्या हातानं कापड सारखं करायची. एका कोपऱ्यात टाका वाकडा गेला, मी म्हणलो उसवू, तर म्हणाली राहू द्या, तिथं खड्डा आला असंल. नात झाली. त्याच वाकळेत निजती, माझी खाकी पायाकडं. हिच्या हाताच्या दोन ओळी बरोबर तोंडापाशी आल्यात, सुकन्या म्हणती, झोपताना त्याच ओळी मुठीत धरती. ऐकून ही आत गेली आन् बराच वेळ बाहेर आली न्हाई.

मला वाटलं, संपलं. पण गल्लीला कळलं ना! आता त्या कोपऱ्यात बघा, अकरा गाठोडी. ज्या पोरांना मिशा फुटल्या म्हणलो, त्यांच्या लेकरांच्या वाकळा. सुटी न्हाई, रजा न्हाई. रिटायर झालो तवा गळ्यात हार घालून म्हणलो होतो, सुटलो बाबा त्या घंटीतून, आता कुणी आपल्यामागं बेल मारणार न्हाई… आन् आता बेल मारणारी माझ्या शेजारीच स्टूल टाकून बसती, डाव्या हाताच्या बोटात अंगुस्तान घालून. तुमी चहा घ्या हो निवांत, मी तुमाला अजून एक गंमत…

टण टण.

ऐकलं? उठतो मी. डबल झाल्यावर गाडी उभी ठेवता येत न्हाई.