अकरा रेघा कमी हायत

काकू, शेट, वळसंगाहून आलेली तात्यांची भावकी, आणि आपल्या शेडमधली सगळी मंडळी,

मी सिद्राम. तात्यांच्या हाताखाली अठरा वर्सं फिटर. मला बोलायची सवय न्हाय. हातात पाना असला की सुचतं, माइक कसा धरायचा तेबी ठावं न्हाय. पण आज बोलणार. कुणाला राग आला तरी बोलणार.

आत्ता शेट बोलून गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. म्हणले, तात्यांच्या हातची ही शेवटची क्रेन त्यांच्या तेराव्याला सुरू करू, तिला त्यांचंच नाव देऊ. तुमी सगळ्यांनी माना हलवल्या. शेट, तुमचा तात्यांवर लई जीव होता, ठावं हाय मला. पण तेराव्याला ही क्रेन सुरू व्हायची न्हाय. मी होऊ देणार न्हाय.

वळसंगकरांसाठी सांगतो. तिकडं आडवा पडलाय तो हिचा खांब. उभा केला की वर आडवा हात बसतो, हाताला चेन पुली. अर्धा टन उचलायचं आणि हात गोल फिरवायचा. काही क्रेन भिंतीला धरून बसवतात, त्यांना भिंतीचा आधार. काही वर छताच्या गर्डरला बांधतात, त्यांना छताचा. हिला कुणाचाच आधार न्हाय. हिचा सगळा ताण पायावर. म्हणून तात्या आधी जमिनीवर हातोडा मारून कान लावायचे. हितली जमीन पोकळ वाजली. शेट म्हणले, "तात्या, हाय त्या कोब्यालाच बोल्ट मारू की." तात्या म्हणले, "कोबा चालायला असतो शेट, लोंबकळायला न्हाय."

मग खड्डा काढला. सळई बांधली, बोल्ट सोडले, काँक्रीट ओतलं. आणि तात्यांनी खडूनं भिंतीवर लिहिलं, २८. रोज सकाळी एक रेघ. काँक्रीट पुरं घट्ट व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात, तेवढ्या रेघा झाल्याबिगर खांबाला वजन न्हाय. मालक कुणीबी असो, घाई कितीबी असो.

ह्यापायी लोक त्यांना हट्टी म्हणले. म्हातारं खुळं हाय म्हणले. आणि अजून एक म्हणतात, मी ऐकलंय, आज दारातसुद्धा कुणीतरी कुजबुजलं. "एवढे नियम सांगायचे, पण त्या दुसऱ्या कारखान्यात तात्यांचीच क्रेन कलली की."

व्हय, कलली. कुणी कलवली, ऐका. मी कलवली.

खंडेनवमी होती. तात्या सांगोल्याला पावण्यांकडं गेलेले. तिथल्या मालकाला पूजेला क्रेन चालू पाहिजे होती. भिंतीवर रेघा होत्या चौदा. मी म्हणलं, एकदा उचलून तर दाखवायचंय, काय होतंय? हार घातला, नारळ फोडला, वजन टांगलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत खांब कलला, पाया तडकला. कुणाला लागलं न्हाय, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. मालक कडाडला, "कुणी बसवली ही?" मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणले, "मी." बाहेर आल्यावर मी रडाय लागलो. मला म्हणले, "हाताखालच्यानं केलं म्हणजे मीच केलं. रडू नको. पहार घे." दोघांनी मिळून तो पाया फोडला आणि परत ओतला.

नऊ वर्सं मी गप बसलो. नऊ वर्सं तात्यांनी माझा बट्टा स्वतःच्या नावावर वागवला. काकू, माफी मागायला मला तोंड न्हाय. पण सगळ्यांसमोर सांगतो, तात्यांची एकबी क्रेन कधी कलली न्हाय. इथून पुढं कुणी तसं बोललं तर आधी माझ्याकडं या.

आणि आता त्यांच्याच नावानं मी तीच चूक परत करू?

तेराव्याला भिंतीवर सतरा रेघा होत्यात. अकरा कमी. माणूस गेला म्हणून काँक्रीट घाई करतं का? शेट, मला कामावरून काढा. दुसरा फिटर आणा. तो खांबाला हात लावायच्या आत मी त्या पायावर येऊन बसतो. मला उचला, मग खांब उचला.

पहिल्या पाच रेघा तात्यांच्या हातच्या हायत. पाचवी मारली, घरी गेले, आणि छातीत कळ आली. पुढच्या सात माझ्या. वाकड्या हायत, पण रोजच्या रोज मारल्यात.

आता उठा. दोन मिनिटं गप उभं राहू. मग फुलं फोटोपाशी राहू द्या. काँक्रीट ओलं ऱ्हावं म्हणून त्या पायावर पोती टाकलीत, ती सुकत आलीत. शेजारी पाण्याची बादली ठेवलीय. एकेकानं एकेक तांब्या त्या पोत्यांवर घाला. पहिला तांब्या काकूंचा. दुसरा, शेट, तुमचा.

तात्या, अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. रामराम घ्या.