कोऱ्या बाजूवरची रेघ

रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर चर्चबाहेर फादरांची मदतनीस मिकाएला बाळंतपणात गेलेल्या बायकांची नावं लिहून घेत होती. रांगेत माझ्यापुढे म्हातारी सुईण तोमासा होती.

"नावं कशाला गं?"

"फादर ग्वाटेमाला शहरात मंत्र्यांपुढे वाचणार, मावशी. गावाला रुग्णवाहिका मागायला."

"मंत्री विचारेल, सुईण कोण होती? मग पोलीस माझ्या दारात!"

"सुईणीचं नाव लिहीतच नाही."

"कागद उलटा कर बघू."

"कोराच आहे हो."

"कोऱ्यावर उद्या कुणीही काहीही लिहील. आडवी रेघ मार."

"ही मारली. आता सांगा, तुमच्या हातून कोण गेलं?"

"एकच. आन्द्रेआ. माझी धाकटी लेक."

मिकाएलाने पेन कागदावरून उचललं.

"थांबलीस का? लिही. आणि सुईणीचंही नाव लिही."