वाइनच्या मळ्यातला चकवा

शेकोटीत लाकूड सारा रे, आणि ते मोबाइल ठेवा खिशात. ऐका. ओढ्याकाठच्या द्राक्षमळ्यातून रात्री का जायचं नाही, ते सांगते.

मथुरा आणि तिचा नवरा सयाजी यांचा तो मळा. दोघांनी मळ्यातच वाइन करायला घेतली. कशी? तर विषारी औषधाचा थेंब न मारता! शेणखत, गोमूत्र, निंबोळीचा अर्क, बस. मथुरा येईल त्याला छातीठोक सांगायची, आणि लोक तिच्या शब्दावर बाटली न्यायचे.

त्या वर्षी पहिला रस टाकीत भरला आणि रस आंबेचना! चांगला रस कसा, आपोआप बुडबुडायला लागतो. हा आपला गप्प. वर्षाची मेहनत त्या टाकीत हो! सयाजी बाटल्या आणायला म्हणून नाशिकला गेलेला. मग मथुराच उठून भावाकडं गेली. तोही वाइन करायचा. दुधाला विरजण लावतात ना, तसा लावायला त्याच्याकडचा आंबता रस कॅनमध्ये घेतला आणि अंधार पडल्यावर एकटीच मळ्यातून घरी निघाली. भाऊ म्हणाला, "सकाळी जाय की." ऐकेल तर ती मथुरा कसली!

मळ्यात शिरली, आणि मागून हाक. "मथुरेऽऽ!" सासूचा आवाज. सासू तर केव्हाच वारलेली! बया बया! हिनं मागं बघितलं नाही. चालतेय, चालतेय, ओळ संपेना. वाकडा खांब गेला, पुन्हा तोच वाकडा खांब. मोबाइलचा उजेड विझला. आणि पुढ्यात सासूच उभी! "ये गं, वाट इकडं हाये." पाय आपोआप निघाले की हो तिच्या मागं! तेवढ्यात पायाखालचा दगड निसटला आणि खाली पाण्यात पडला. डुबुक! विहीर! कठडा नसलेली!

आता चकव्यावर उपाय एकच, बरं का. जिथं आहात तिथं बसायचं, उजाडेपर्यंत उठायचं नाही. ती मागं सरकली आणि कॅन पोटाशी धरून बसली.

मग समोरच्या ओळीत कोण दिसावं? सयाजी! पाठीवर पंप, कपाळाला बॅटरी, तोंडाला फडकं, आणि घडांवर फवारा मारतोय. औषधाचा उग्र वास नाकात भरला.

मथुरा हसली. खरंच हसली! "मेल्या चकव्या, इथं चुकलास! सासू बरोबर आणलीस, नवरा न्हाई जमला. माझं माणूस असं जन्मात करायचं न्हाई!"

तो दचकला. फडकं खाली ओढलं. "मथुरा, मीच हाये गं. ऊठ, घरी चल."

"चल हट! माझा नवरा नाशिकला हाये."

तो विनवतोय, ही शिव्या घालतेय. तिला विहिरीकाठी सोडून त्यालाही जाववेना. रात्रभर हेच! एवढा विश्वास त्या बाईचा, की नवऱ्यालाच भूत म्हणत बसली.

उजाडलं. सासू नाही. वाट सरळ. खांब जागच्या जागी. आणि सयाजी? तो तिथंच. पाठीवर पंप.

"घडांवर भुरीची बुरशी चढली व्हती गं," तो पुटपुटला. "समदे घड गेले असते."

"टाकीत गेलेल्या द्राक्षांवर पन मारलं व्हतं?"

त्यानं खाली बघतच मान डोलावली. रस का आंबत नव्हता, ते तिला तेव्हा कळलं. औषधानं रस आंबवणारा जीवच मारला होता.

मरणाच्या दारात रडली नव्हती, ती आता हंबरडा फोडून रडली. "रातभर मी त्या चकव्याला खोटं पाडत व्हते हो, तुमच्यापायी!"

घरी जाऊन तिनं स्वतःच्या हातानं टाकीची तोटी उघडली. सगळा रस गटारात.

म्हणून सांगते पोरांनो, त्या वाटेनं रात्री जाऊ नका. गेलात आणि चकवा लागला, तर खाली बसा. उजाडलं की तो जातो. पण मथुरेला उजाडल्यावर जे दिसलं ना, ते गेलं नाही. ते अजून त्याच घरात आहे. रोज तिच्याच हातचं जेवतं.