पडदा वीतभर आखूड होता

माझं माहेर पोखर्णीकडचं. नरसिंहाच्या देवळाच्या मागं आमची लहानशी पट्टी, विहिरीच्या कडंला शेवंती, मधी गुलछडी, बांधावर बेलाची दोन झाडं. आमी फुलारी, गावच्या महादेवाला बेलफूल न्यायचा जिम्मा आमच्या घराचा. बाप पहाटं ओल्या फडक्यात बेल गुंडाळायचा आन् मला संगं न्यायचा, दवानं माझा परकर गुडघ्यापोतर भिजून जायचा, अंगाला गार गार चिकटायचा, आन् तो चालता चालता सांगायचा, कला, गिऱ्हाइकाला कोणतं फूल पायजे ते इचारू नगं, कोणासाठी पायजे ते इचार, फूल आपण निवडायचं. मला वाटायचं ह्यात काय एवढं. आता साठी उलटली तवा कळायलंय की बापानं दिलेलं तेवढंच माझ्यापाशी व्हतं आन् तेच मी नीट सांभाळलं न्हाई.

लगीन होऊन जिंतूरला आले. मालकाचं फुलाचं दुकान व्हतं, दुकान म्हंजी काय, चार पत्रे, एक फळी, फळीवर ओलं पोतं. मालक गेले तवा आमची नंदा नऊ वर्षांची, एकुलती एक. तवापासून त्या फळीवर मीच बसायलेय. अंगठ्याला देठाचा हिरवा डाग पडलाय तो साबणानं जात न्हाई, आन् ओल्या पोत्याचा वास माझ्या लुगड्यातून जात न्हाई, बसमधी शेजारची बाई हमेशा इचारती, फुलं नेताव का? मी म्हणते, न्हाई बाई, मोकळीच हाय.

काय सांगू तुमाला ताई, माणूस फळीपुढं उभा राह्यला की मला उमजायचं. पायताण झाडून उभा राह्यला तर देवाला. सारखं घड्याळ पाह्यलं तर साहेबाच्या बदलीचा बुके. नजर वर उचलंना तर मयत, त्याला काही इचारायचं न्हाई, हारात जरीचा धागा घालायचा न्हाई, मुकाट्यानं द्यायचा. बुद्धपौर्णिमेला बौद्ध वस्तीतल्या बाया यायच्या, त्यांच्यासाठी मी पांढरी शेवंती आन् मोगरा आधीच बाजूला काढून ठेवायची. एकदा एक बँकेतला माणूस आला, लग्नाला वीस वर्षं झाली म्हणला, बायकोला कधी फूल नेलं न्हाई, आज गुलाबाचा मोठा बुके द्या. मी म्हणलं, दादा, एवढा मोठा बुके नेला तर बाई म्हणंल ह्यानं काय करून ठिवलंय. गजरा न्या, आन् हातात देऊ नका, तुमच्या हातानं केसात माळा. दुसऱ्या दिवशी आला आन् लाजून परत गजराच घेऊन गेला. अशी मी. साऱ्या तालुक्याला कोणासाठी काय शोभंल ते मला मालूम व्हतं.

पण माझं नाव झालं ते वाडीमुळं. सातव्या महिन्यात पोटुशी बाईला फुलांचे दागिने घालतेत, त्याला वाडी भरणं म्हणतेत. मुकुट, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, आन् आजकाल फोटोसाठी हातात फुलाचं धनुष्य पण. सगळं ताज्या फुलाचं, त्याच दिवशी बांधलेलं. कळी अशी निवडायची की सकाळी मिटलेली असंल आन् वाडी भरायच्या वख्ताला, सांजच्याला, बाईच्या अंगावर उमलंल. बाईनं मान हलवली की वास सुटला पायजे.

नंदाला मी देवगाव फाट्याकडं दिलं. किराणा दुकानवाले, चांगलं घर. सहा वर्षं झाली, कूस उजवंना. दवाखाने झाले, नवस झाले, तपासायला नवरा एकदाबी गेला न्हाई. मंग त्यानं दुसरी आणली आन् नंदा एक पेटी घेऊन माझ्या दारात उतरली. रडली न्हाई. हातपाय धुतले, फळीवर येऊन बसली आन् समोरची गुलछडी ओवायला लागली. मी म्हणलं, आगं जेव तर. म्हणली, देठं सुकायलेत आई.

ताई, तिच्या हातासारखा हात मी पाह्यला न्हाई. मी बांधलेला मुकुट डोक्यावर बसायचा, तिनं बांधलेला मुकुट डोक्यातून उगवल्यावानी दिसायचा. गाठ कुठं मारली ते हुडकून सापडायचं न्हाई. ती आली आन् दोन महिन्यांत वाडीचं काम दुप्पट झालं, सेलूहून बाया यायला लागल्या.

मंग एका शेटाणीनं, सुनेची वाडी सांगायला आली तवा, फळीवर वाकून हळूच इचारलं, राग नका मानू, पण तुमच्या लेकीनं तर न्हाई ना बांधायची? तिची कूस तशी, आन् आमची पहिलटकरीण. मी म्हणलं, न्हाई हो वैनी, वाडी मी माझ्याच हातानं बांधते. नंदा चार हातावर बसली व्हती. तिनं हातातला हार खाली ठिवला न्हाई, वर पाह्यलं न्हाई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जुन्या पातळाचा पडदा शिवला. नंदाला म्हणलं, इथं ऊन येतं, फुलं कोमेजतेत, तू आपली आत बसून बांध. तिला सारं उमगलं व्हतं. इचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देवाला ठाऊक. तिनं इचारलं न्हाई, टोपली उचलली आन् आत गेली. दोन वर्षं ती त्या पडद्यामागं बसली. साऱ्या वाड्या तिनं बांधल्या, साऱ्या बाया सुखरूप सुटल्या, कोणाला ल्योक, कोणाला लेक, पेढे आले, बारशाच्या घुगऱ्या आल्या, आन् बाया म्हणायच्या, फुलारीणबाई, तुमचा हात मोठा गुणाचा. मी पदर सारखा करायची आन् हसायची. आत कात्री चालायची, कच्, कच्.

आता सुजाताचं सांगते. सुजाता नंदाची शाळेतली मैत्रीण, बौद्ध वस्तीतली, आता मास्तरीण हाय. एका दुपारी पोट सांभाळत आली आन् म्हणली, मावशी, येत्या गुरुवारी माझी वाडी हाय, पण मला नंदाच्या हातची पायजे, दुसऱ्या कोणाची मी अंगाला लावणार न्हाई. शाळेत माझ्या वेण्या तीच घालायची. लोक काय म्हणतेत ते मला सांगू नका, आमच्या घरात असलं कोणी धरत न्हाई.

ताई, एवढं कोणी म्हणलं न्हवतं. पोरीनं दार उघडं करून दिलं व्हतं, मी निस्ती हाक मारायची व्हती, नंदा, बाहेर ये, तुझी सुजाता आलीय. आन् माझ्या तोंडून निघालं, नंदा इथं न्हाई बाई, परभणीला गेलीय, मावशीकडं. का म्हणले? मला कोणाचं भ्या व्हतं? कोणाचंच न्हाई. तोंडाला सवय लागली व्हती, दुसरं काही न्हाई. आतला कात्रीचा आवाज थांबला.

सुजातानं पडद्याकडं पाह्यलं. मीबी पाह्यलं. पडदा खालून वीतभर आखूड व्हता, आन् त्या वीतभरात नंदाचे पाय दिसत व्हते, टाचेला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या. दोन वर्षं पडदा तसाच व्हता, म्हंजी येणाऱ्या जाणाऱ्या साऱ्यांनाच दिसत असतेल, निस्ती मी एकटी समजत व्हते की झाकलंय. सुजाताचे डोळे भरून आले पण तिनं माझी इज्जत राखली. म्हणली, बरं मावशी, आली की सांगा, सुजाता येऊन गेली म्हणून.

ती गेल्यावर नंदा पडदा सारून बाहेर आली. आवाज चढवला न्हाई.

आई, मी परभणीला कधी गेले?

मी पोत्यावर पाणी शिंपडत राह्यले, ओलंच व्हतं तरी.

गुरुवारी तिनं सुजाताची वाडी बांधली. सकाळपासून एका जागेवरून उठली न्हाई. पांढरी गुलछडी, मधी फिकट गुलाबी अष्टर, आन् मुकुटाच्या कडंनं मोगऱ्याच्या मिटल्या कळ्या. तशी वाडी तिनंबी परत बांधली नसंल. परातीत ठिवून वर ओलं फडकं घातलं आन् मला म्हणली, पोचवून ये, तुझ्या हातची म्हणून सांग. मी तसंच सांगितलं. सुजातानं परात घेतली आन् माझ्याकडं नुसतं पाह्यलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदानं पेटी उचलली. म्हणली, तू म्हणलीस तशी जाते. परभणीची बस लागली व्हती, खिडकीतून तिनं मागं पाह्यलं न्हाई. माझ्या तोंडातली लबाडी तिनं खरी करून दिली.

सहा महिन्यांनी मी परभणीला गेले. ती बुकेच्या दुकानात कामाला लागली व्हती. काचेचं दुकान, आत जरबेरा बादल्यांत उभे, गार वारं, चकचकीत कागदाचा वास. फुलाचा वास तिथं येत न्हाई ताई, मी थांबून पाह्यला. पण नंदा एकदम पुढं बसली व्हती, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाबी दिसंल अशी. मला पाहून उठली न्हाई. शेजारी मालकीण व्हती. नंदानं गिऱ्हाइकाला इचारावं तसं इचारलं, कोणासाठी पायजे?

मी म्हणलं, लेकीसाठी.

तिला काय आवडतं?

ताई, साऱ्या तालुक्याला फूल निवडून दिलं मी. आन् त्या दिवशी त्या काचेत उभी राहून मी आठवायला लागले, नंदाला काय आवडतं, लहानपणी काय माळायची, कशाला हात लावायची. मला एकच आठवलं, की दिवस कलताना टोपलीत जे कोमेजून उरलं तेच मी तिच्या केसात खोवायची. टोपलीतलं ताजं फूल मी तिला कधी दिलं न्हाई, ते गिऱ्हाइकाचं. मी म्हणलं, मला मालूम न्हाई.

मंग इचारून या, ती म्हणली, आन् मागच्या माणसाकडं वळली. तिथंच इचारायचं व्हतं. ती समोर व्हती. आन् मी बसमधी येऊन बसले.

घरी येऊन पडदा काढला. आता वाडीसाठी बाई आली की मी सांगते, वाडी माझी नंदा बांधती, परभणीला असती, तिला मूलबाळ न्हाई, नवऱ्यानं टाकलंय, आन् मागच्या दोन वर्षांत ह्या गावात जेवढ्या वाड्या भरल्या तेवढ्या तिनंच बांधल्या, तुमच्या जावेची पण. बाया तोंडावर पदर घेतेत. शेटाणी तर आता दुकानापुढून मान वळवून जाती. वाडीचं काम सारं बंद झालं, हार आन् बेलफूल तेवढं चालतंय.

निस्ती एक जण नंदाकडं गेली. मागच्या महिन्यात, खेड्यातली सासू व्हती, सुनेला संगं घेऊन आलेली. तिनं सारं ऐकून घेतलं आन् सुनेलाच इचारलं, काय गं, तुला चालंल का? सून म्हणली, मला तर मुकुट चांगला पायजे. परभणीला जाऊन वाडी बांधून आणली, आन् मंग मुद्दाम माझ्याकडं येऊन मोबाईलमधी फोटो दाखवले. मी डोळ्यापाशी नेऊन पाह्यले. गाठ दिसली न्हाई कुठंच. मी इचारलं, कोणी धाडलं ते सांगितलं का तिला? सांगितलं म्हणली, जिंतूरच्या फुलारीणबाईनं धाडलं. मंग काय म्हणली नंदा? काय न्हाई वो, खाली मान घालून बांधत व्हती.

नंदाचा फोन आला न्हाई. येईल असं मी म्हणत न्हाई. त्या खेड्यातल्या सुनेचे दिवस आता भरत आलेत, चैत्रात बाळंत होईल. रोज महादेवाला बेल वाहताना मी त्या परक्या लेकराचं नाव घेते, अजून नावच न्हाई त्याला, तरी घेते. सुखरूप येऊ दे, हातापायानं धड येऊ दे, म्हंजी दुसरी बाई माझ्या नंदाच्या हाताला भ्यायची न्हाई, मंग तिसरी जाईल. तेवढंच मागते ताई. स्वतःसाठी मागायला तोंड राह्यलं न्हाई मला.