खड्डा आला-गेला कळणार नाही

…आणि वर हा गॅरेजवाला मलाच विचारतो, "मावशी, वजन किती तुमचं?" भर गॅरेजात. पंक्चर काढायला आलेला एक, ऑइल बदलायला आलेला एक, आणि काही कारण नसताना प्रत्येक गॅरेजात जे टेकलेले असतात ते, सगळ्यांनी माना वळवल्या. आता तुम्हीच सांगा, दुरुस्तीला गाडी दिली, तर गाडीचं वजन विचार ना, माझं कशाला? तर म्हणे मागची स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनावर बसवतात, हलक्या माणसाला कडक स्प्रिंग लावली तर ती दबतच नाही, दणका सगळा माणसाला. म्हटलं, मला ठाऊक नाही, तूच मोज. मग मी गाडीवर चढून बसले आणि तो मागे टेप घेऊन उकिडवा. "मावशी, अंग सैल सोडा. हं. जरा श्वास सोडा." म्हटलं, टेप गाडीला लावलीयस ना रे?

सांगते तुम्हाला, मूळ तक्रार एवढीशी होती. गाडी चालवली की माझी बोटं बधिर होतात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन, दोन्ही हातांची. खाली उतरलं की ती बोटं माझी नसतातच, कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखी हाताला लोंबतात. बस, एवढंच. आणि गाडी तरी कसली? डांबरी रस्त्यावरही चालते आणि कच्च्यावरही चालते म्हणून घेतलेली, त्या जातीतली सगळ्यात स्वस्त. दोन्हीकडे सारखीच खडखडते, त्यात मात्र फसवणूक नाही.

या वयात अशी गाडी कशाला, असं विचारणारे तुम्ही पहिले नाही. माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. शिकवला कोणी नाही. घरचं मशीन बंद पडलं, दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला, तेव्हा मीच उघडून बसले, ती अजून उघडतेच आहे. आता दगडाच्या खाणीपलीकडे वर टेकाडावर कपडे शिवायचे कारखाने आहेत, तिथली सगळी मशिनं माझ्या हाताखालची, आणि तिथवर जाणारा रस्ता म्हणजे… त्याला रस्ता म्हणायचं, दुसरा शब्द नाही म्हणून. भाड्याची गाडी खालूनच परत फिरते. म्हणजे माझी गाडी बंद तर तिकडची मशिनं बंद, आणि मशिनं बंद तर मी काय करू, खिडकीत बसून लोकांचे वाळत घातलेले कपडे बघू?

तर गॅरेजवाल्याने आधी हॅण्डलच्या मुठी बदलल्या. जाड रबरी, मऊ, बाळाच्या खेळण्यासारख्या. "मावशी, हादरे सगळे इथूनच चढतात हाताला. आता खड्डा आला-गेला कळणार नाही." म्हटलं, बरं. गेले, आले, बोटं मेलेली. मग म्हणाला, हॅण्डल खाली आहे, तुम्ही वाकता, अंगाचा भार मनगटावर येतो. खाली ठोकळे घालून हॅण्डल वर उचललं. इतकं वर की मी वरातीतल्या घोड्यावर बसल्यासारखी दिसायला लागले. "आता बघा मावशी, खड्डा आला-गेला कळणार नाही." गेले, आले. बोटं तशीच. मग म्हणाला, क्लच जड आहे, तुमचा पंजा लहान, लिव्हर लांब पडते. ब्रेकची आणि क्लचची, दोन्ही लिव्हर नव्या लावल्या, जवळ ओढून घेता येणाऱ्या. "एका बोटाने क्लच दाबाल, मावशी." म्हटलं, कुठल्या ते तूच निवड, मला सगळी सारखीच.

घरी सूनबाई. बोलते कमी, बघते फार, हा तिचा दोष. एकदा मी मशीनला सुई लावत होते, तर म्हणाली, "आई, सुई पडली."

"कुठे पडली? ही काय हातात आहे."

"हातात नाहीये. पायाशी आहे."

बघितलं तर खरंच पायाशी. आणि मी चिमूट धरून बसलेली, नुसती चिमूट, आत काही नाही. म्हटलं, गाडीच्या हादऱ्याने होतं ते.

"गाडी तर कालपासून गॅरेजात आहे, आई."

म्हटलं, हादरे मुरतात अंगात. हळूहळू निघतात. हे मी कुठे वाचलं विचारू नका, तिनेही विचारलं नाही, नुसतं "डॉक्टरांकडे जाऊ या का" म्हणाली. आता डॉक्टरांकडे जायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही का? डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलणार? गाडी बंद. दुसरं वाक्य ऐकायला मी तिथे थांबणारच नाही. त्यापेक्षा गॅरेज बरं की हो… तिथे निदान जे बंद आहे ते चालू करतात.

म्हणून मग शॉकअपला हात घातला. मीच म्हटलं, घाल. पुढच्या शॉकअपचं ऑइल काढलं तर ते पाण्यासारखं पातळ, काळंकुट्ट. ते टाकून दाट ऑइल भरलं, आतल्या स्प्रिंगा बदलल्या. मागचा शॉकअप अख्खाच नवा आणला, आणि त्याच्यासाठीच तो वजनाचा तमाशा, टेप आणि श्वास सोडा आणि अंग सैल सोडा. स्प्रिंग माझ्यासाठी फिरवून फिरवून सैल केली. मग तो स्वतः गाडी घेऊन खाणीच्या रस्त्याने वर जाऊन आला आणि उतरतानाच हसत उतरला. "मावशी, लोणी झालीये गाडी, नुसतं लोणी. आता खरंच खड्डा आला-गेला कळणार नाही."

आणि खोटं कशाला बोलू, लोणीच झाली होती. दुसऱ्या दिवशी निघाले मी. ज्या खड्ड्यात आजवर दात वाजायचे त्यातून गाडी अशी गेली, जशी गादीवरून मांजर जाते. हॅण्डल हलत नाही, पाठीत कळ नाही, मागच्या पेटीतले स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा गप्प. मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट बघितली त्याची. आला नाही. कारण काहीच हलत नव्हतं आणि बोटं तरीही मेलेलीच होती. तेव्हा डोक्यात काहीतरी आलं होतं हो, पण मी त्याला आत येऊ दिलं नाही, कारखाना समोर दिसत होता.

फाटकाशी ब्रेक दाबला. म्हणजे मी दाबला. गाडीला ते कळलंच नाही. फाटकाशेजारी रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, त्यात आम्ही दोघी हळूच, अगदी सभ्यपणे शिरलो. पुठ्ठ्याची खोकी, लागलं काही नाही. शिवणाऱ्या बायका धावत बाहेर. "काकी, काय झालं? काकी, बोला ना काहीतरी." मी खोक्यांत पडलेली, वर आभाळ. भीती वाटली नाही, राग आला नाही. एवढंच मनात, की आज कुठल्या मशीनचा पट्टा बघायचा होता.

बायकांनी फोन केला, गॅरेजवाला आला वर. बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं, त्याला वाटलं ब्रेकच्या कामात आपलं काही चुकलं. लिव्हर बघितली, केबल बघितली, चाक फिरवून बघितलं, सगळं चोख. मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मावशी, डोळे मिटा. हात पुढे करा. बोटांत नट ठेवतो, किती नंबरचा ते सांगा."

आता मला सांगा, हे मला विचारायचं? आयुष्य गेलं माझं मशीनच्या पोटात हात घालून, न बघता स्क्रू काढण्यात. दिवे गेले तरी माझं काम थांबलेलं नाही कधी. डोळे मिटले. हात पुढे केला. उभी राहिले. पाठीमागे बायका जमलेल्या. मी आपली उभी. शेवटी म्हटलं, "अरे ठेव की लवकर. माझा खोळंबा होतोय."

 तो हळूच म्हणाला, "ठेवलाय, मावशी. कधीचा."

डोळे उघडले. होता. माझ्याच अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये, चांगला मोठा नट, वर थोडं ग्रीस. आणि मी त्याच्याकडे असं बघत होते, जसं दुसऱ्याच्या हातातलं बघावं. रडायला हवं होतं म्हणे मी, बायका नंतर म्हणाल्या. मी नट परत दिला आणि कोपऱ्यातल्या मशीनचा पट्टा बसवायला गेले. तोही बसला नाही.

गेले मग डॉक्टरांकडे, सूनबाई शेजारी. त्याने मनगटावर टिचक्या मारल्या, बोटं वाकवली, सुया टोचल्या, इथे कळतंय का, इथे? म्हणाला, मनगटातली शीर दबलीये, दोन्हीकडे, आणि बऱ्याच काळापासून दबलेली आहे. "आजी, इतके दिवस केलंत तरी काय?"

"शॉकअप बदलत होते," म्हटलं.

त्याने सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने छताकडे.

म्हणाला, ऑपरेशन करावं लागेल, छोटंसं आहे, पण एका वेळी एकच हात. आधी कुठला करू? म्हटलं, उजवा. रेस पिळायची त्या हाताने, पुढचा ब्रेकही त्याच हाताने. तर म्हणतो, "अहो आजी, मी जेवण्या-लिहिण्याचं विचारतोय." म्हटलं, घास भरवायला घरात माणूस आहे, ब्रेक दाबायला कोण येणार आहे माझ्या मागे? त्याने उजवा लिहून घेतला. आणि लिहिता लिहिता खाली मान घालून म्हणाला, शीर मोकळी करू, आणखी बिघडायचं थांबेल, पण बोटांत स्पर्श परत येईलच असं नाही सांगता येत. उशीर झालाय.

बाहेर आलो. बाकावर बसलो. सूनबाईने माझा हात धरला, म्हणजे धरलेला दिसला मला. म्हणाली, "आई, आता गाडी?"

म्हटलं, चालवीन की. स्पर्श नसला तर नसला, डोळे आहेत अजून. बोटं लिव्हरवर आहेत का नाहीत ते बघत बघत चालवायची.

"आणि रस्ता कोण बघणार?"

म्हटलं, रस्ता बघायचा असता बाई, तर शॉकअप कशाला बदलले असते?